नैरोबीचे पत्र : संदूक भरेपर्यंत

नैरोबी, जानेवारी

शाळा सुरू होण्याच्या आठवड्यात इथल्या गाडीतळांवर पत्र्याच्या ट्रंकांचा खच पडलेला असतो. मटाटू, म्हणजे आपल्याकडची वडाप, टपावर ट्रंका, गाद्या, बादल्या रचून निघते आणि आत नव्या स्वेटरमधली मुले अवघडून बसलेली असतात. स्वेटर हवाच. हे शहर महाबळेश्वराहून उंचावर आहे.

ट्रंकेला इथे ‘सांडुकू’ म्हणतात. आपली संदूकच ती, अरबी शब्द दोन्ही किनाऱ्यांना लागलेला. शाळा मात्र ‘शूले’, आणि तो शब्द जर्मन! कामुकुंजी भागात उघड्यावर पत्रा ठोकून या संदुका बनतात. अशा कारागिरीला ‘जुआ काली’ म्हणतात, म्हणजे कडक ऊन. डिसेंबरअखेरीस तिथे हातोड्यांच्या आवाजात शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक ‘मामा म्बोगा’ बसतात. स्वाहिलीत मामा म्हणजे आई, म्बोगा म्हणजे भाजी. भाजीवालीला ‘मामा’ म्हणताना पहिले काही महिने माझी जीभ अडखळायची. त्यांच्याकडची सर्वांत खपणारी पालेभाजी ‘सुकुमा विकी’. या नावाचा अर्थच ‘आठवडा ढकला’. यंदा त्यांच्या मुलीला दहावीसाठी लांबच्या एका नामवंत निवासी शाळेत जागा मिळाली. पेढे वाटावेत अशी बातमी, पण बाई शाळेची यादी पुढे धरून बसल्या होत्या. कुलपासकट संदूक, गादी, दोन चादरी, ब्लँकेट, बादली, गणवेशाचे दोन जोड, बूट, साबण, टॉयलेट पेपर... “शाळा मिळाली,” त्या म्हणाल्या, “आता सांडुकू मिळू दे.”

केनियाचे कोडे या यादीत आहे. 2010 च्या राज्यघटनेने प्रत्येक मुलाला मोफत व सक्तीच्या मूलभूत शिक्षणाचा हक्क दिला. त्याआधी, जानेवारी 2003 मध्ये, नवे राष्ट्राध्यक्ष म्वाई किबाकी यांनी प्राथमिक शाळांची फी रद्द केली आणि त्या एका वर्षात दहा लाखांहून अधिक मुले पटावर वाढली. वर्ग फुटायची वेळ आली. पुढच्याच वर्षी एल्डोरेटजवळच्या शाळेत किमानी मारुगे नावाचे 84 वर्षांचे आजोबा गणवेशाची अर्धी चड्डी घालून पहिलीत जाऊन बसले. ब्रिटिशांविरुद्धच्या माऊ माऊ लढ्यातले ते सैनिक. बायबल स्वतः वाचायचे होते, कारण पाद्री सांगतो ते खरेच तसे लिहिले आहे का, याची त्यांना शंका होती. माझ्या मते मोफत शिक्षणाच्या बाजूने याहून चांगला युक्तिवाद कोणत्याही मंत्र्याला सुचलेला नाही.

2008 मध्ये माध्यमिक शाळांचेही शिक्षणशुल्क सरकारने उचलले, पण वसतिगृहाचा खर्च पालकांवरच राहिला. वरच्या श्रेणीच्या निवासी शाळांनी पालकांकडून घ्यायच्या फीची सरकारी मर्यादा वर्षाला 53,554 शिलिंग, म्हणजे पस्तीस हजार रुपयांच्या पुढे. आणि चांगल्या शिक्षणाची कीर्ती नेमकी या निवासी शाळांची. ब्रिटिशांच्या काळातल्या मिशनरी शाळांपासून ही प्रतिष्ठा चालत आली आहे. नॅशनल, एक्स्ट्रा-कौंटी, कौंटी, सब-कौंटी अशी शाळांची उतरंड होती. आता नव्या अभ्यासक्रमात सी-वन ते सी-फोर अशी नावे आली. मडकी त्याच क्रमाने रचलेली आहेत.

स्टारेहे या शाळेचा अपवाद इथले लोक अभिमानाने सांगतात. 1959 मध्ये जेफ्री ग्रिफिन यांनी नैरोबीच्या रस्त्यावरच्या मुलांसाठी ती सुरू केली आणि पुढे ती देशातल्या अव्वल शाळांत गेली. गरिबाच्या पोराला उत्तम शाळा पचते, एवढे तिने दाखवून दिले. पण एका शाळेत किती मुले मावणार?

प्राथमिकला सरकार दर मुलामागे वर्षाला 1,420 शिलिंग धरते, म्हणजे साधारण हजार रुपये. त्यात खडू, पुस्तके, दुरुस्ती सगळे बसवायचे. बसत नाही, म्हणून शाळा या ना त्या नावाने वर्गणी मागतात. किबेरा, मथारे या झोपडवस्त्यांत सरकारी शाळा अपुऱ्या आहेत, त्यामुळे तिथली मुले पत्र्याच्या खासगी शाळांत फी भरून शिकतात. ज्यांच्यासाठी फी माफ केली, ते फी भरताहेत.

सरकार आणि पालक यांना न पेलणारा उरलेला खर्च ‘हारांबे’ भागवते. हारांबे म्हणजे सर्वांनी मिळून ओढा. स्वातंत्र्यानंतर जोमो केन्याटांनी दिलेली ही घोषणा देशाच्या बोधचिन्हावर आहे, आणि गावोगावच्या कित्येक माध्यमिक शाळा अशा वर्गणीतूनच उभ्या राहिल्या. रेल्वे बांधायला आलेल्या हिंदुस्थानी मजुरांच्या ‘हर अंबे’वरून तो शब्द आला, असे इथले आपले लोक छातीठोकपणे सांगतात. मला ते पटत नाही. बोलावे लागेल तिथे मी गप्प बसतो.

मामा म्बोगांसाठीही हारांबे झाले, चर्चच्या आवारात. संदूक आली, बूट आले, बादली आली. मंगळवारी त्यांची जागा रिकामी होती, त्या मुलीला पोचवायला गेल्या होत्या. गुरुवारी परत आल्या. गादीचे पैसे जमले नाहीत, ती फेब्रुवारीत मटाटूच्या टपावरून जाणार आहे.