आपद्‌ग्रस्तांचा तात्पुरता निवारा

देणगीदार गृहस्थ आम्हांस वारंवार विचारतात कीं, घरें गमावलेल्या कुटुंबांस तंबू द्यावे, पत्र्याच्या खोल्या बांधून द्याव्या, कीं रोख रक्कम द्यावी? आमचा पहिला अनुभव हा कीं, तात्पुरता निवारा बहुधा तात्पुरता राहत नाहीं. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून पुण्यांत पूर आला, तेव्हां पूरग्रस्तांसाठीं अर्धगोल पत्र्यांचीं निसेन घरें उभारलीं. त्यांत कित्येकांचीं मुलें लहानाचीं मोठीं झालीं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपांत दगडमातीच्या भिंती व वरील जड माळवदें माणसांवर कोसळलीं. वांचलेल्यांस पत्र्याच्या शेडी मिळाल्या. परंतु मराठवाड्याचा वैशाख पत्र्याखालीं काढणें म्हणजे काय, हें पंख्याखालीं बसून कळावयाचें नाहीं.

तंबू पहिल्या कांहीं आठवड्यांपुरते ठीक. पुढें कुटुंबाच्या स्वतःच्या जागेवर बांबू, वासे, पत्रे व आंतून लावावयास तट्टे द्यावे. तेच सामान पक्क्या घरासही उपयोगीं पडतें. बैल बांधावयास जागा मात्र ठेवावी, नाहींतर शेतकरी पडक्या घराकडेच परततो. जेथें दरडीमुळें मूळ जागाच धोक्याची, तेथें जमीनदारांनीं आपली सुरक्षित पडीक जमीन मुदतीच्या लेखी करारानें वापरावयास द्यावी. सामानाच्या पावतीवर नवराबायको दोघांचीं नांवें असावीं. हा वकिली काथ्याकूट नव्हे; उद्यां विधवेस दीर बाहेर काढूं लागला, तर तिच्या हातीं तेवढाच कागद असतो.

व्यापारी बंधूंनीं पत्रे व बांबू मृगापूर्वीं पोंचवावे, ही विनंति.