अर्धस्वयंचलित रायफलीतील सुधारणा व उपयोगानुरूप फेरबदल : ‘एफएएल’ कुळातील रायफलींच्या विशेष संदर्भात

प्रस्तावना

पायदळातील सैनिकाचे मूलभूत शस्त्र म्हणजे रायफल होय. तोफ किंवा रणगाडा यांच्या तुलनेत तिची रचना साधी असली, तरी तिच्याकडून केल्या जाणाऱ्या अपेक्षा मात्र परस्परविरोधी असतात. ती हलकी हवी, पण तिचा धक्का सौम्य हवा. ती आखूड हवी, पण तिचा पल्ला लांब हवा. तिचे भाग एकमेकांत नेमके बसावेत, पण धूळ आत गेल्यास ते अडकू नयेत. या सर्व अपेक्षा एकाच वेळी पूर्ण करणारी रायफल अद्याप निर्माण झालेली नाही. त्यामुळे एखादी रायफल सैन्याने स्वीकारल्यानंतरही प्रत्यक्ष वापरातील अनुभवानुसार तिच्यात फेरबदल करण्याची प्रक्रिया चालूच राहते.

प्रस्तुत लेखात या प्रक्रियेचे स्वरूप बेल्जियममध्ये विकसित झालेल्या ‘एफएएल’ रायफलीच्या आधारे स्पष्ट करण्याचा प्रयत्न केला आहे. भारतीय सैन्यात ‘एसएलआर’ या नावाने परिचित असलेली रायफल याच कुळातील आहे. प्रस्तुत विवेचन केवळ सैनिकी वापरापुरते मर्यादित आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

ज्या रायफलीत प्रत्येक वेळी चाप ओढल्यावर एकच गोळी सुटते आणि पुढचे काडतूस आपोआप नळीत चढते, तिला अर्धस्वयंचलित रायफल म्हणतात. ‘एफएएल’मध्ये हे कार्य स्फोटातून निर्माण होणाऱ्या वायूच्या साहाय्याने होते. नळीतील वायूचा काही अंश एका छिद्रावाटे वर येतो व दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्याच्या आघाताने बोल्ट कॅरियर मागे सरकतो, बोल्टचा मागील भाग उचलला जाऊन कुलूप सुटते, रिकामे काडतूस बाहेर फेकले जाते आणि परतीच्या प्रवासात नवे काडतूस आत ढकलले जाते.

या रायफलीचा आराखडा एर्स्ताल येथील ‘फाब्रिक नासिओनाल’ या कारखान्यात द्यूदोने सैव्ह या अभियंत्याने तयार केला. आरंभीचे नमुने दुसऱ्या महायुद्धातील जर्मन आखूड काडतुसासाठी व नंतर ब्रिटिशांच्या ०.२८० इंच काडतुसासाठी होते. ही दोन्ही काडतुसे मध्यम शक्तीची होती. परंतु नाटो संघटनेने अमेरिकेच्या आग्रहास्तव १९५०च्या दशकाच्या पूर्वार्धात ७.६२ × ५१ मिलिमीटरचे अधिक शक्तिशाली काडतूस प्रमाण मानले आणि रायफलीला त्या काडतुसाशी जुळवून घ्यावे लागले. पुढील अनेक फेरबदलांचे मूळ या निर्णयात आहे. कॅनडाने १९५५मध्ये ‘सी-१’ या नावाने, तर ब्रिटनने १९५७मध्ये ‘एल-१-ए-१’ या नावाने तिचा स्वीकार केला. ऑस्ट्रेलियात लिथगो येथे तिचे उत्पादन झाले. कालांतराने जगातील ९०हून अधिक देशांनी ही रायफल वापरली.

१) स्वयंचलित माऱ्याचा त्याग

‘एफएएल’ या फ्रेंच आद्याक्षरांचा अर्थ ‘हलकी स्वयंचलित रायफल’ असा आहे. तथापि ब्रिटन, कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांनी सर्वसाधारण सैनिकासाठी तिचे जे रूप स्वीकारले, त्यात स्वयंचलित माऱ्याची सोयच ठेवली नाही. सुमारे सव्वाचार किलो वजनाच्या रायफलीतून हे शक्तिशाली काडतूस सलगपणे झाडल्यास नळी वर उचलली जाते आणि पहिल्या एक-दोन गोळ्यांनंतरच्या गोळ्या लक्ष्यावरून निघून जातात. शिवाय मॅगझिनमध्ये अवघी २० काडतुसे असतात. ती काही क्षणांत संपतात आणि प्रत्येक काडतुसाचे सुमारे २४ ग्रॅम ओझे सैनिकालाच वाहावे लागते. म्हणून सतत माऱ्याचे काम जड नळीच्या वेगळ्या शस्त्राकडे सोपवण्यात आले. रायफलीत काही न वाढवता, असलेली क्षमता काढून घेऊन तिची उपयुक्तता वाढवल्याचे हे ठळक उदाहरण आहे.

२) वाळू, चिखल व आर्द्रता

रणभूमीवरील रायफलीचा सर्वांत सततचा शत्रू म्हणजे धूळ होय. ‘एफएएल’चा बोल्ट कॅरियर आवरणाच्या आतील बाजूस घासत मागेपुढे सरकतो. तेथे बारीक वाळू साठल्यास घर्षण वाढून हालचाल मंदावते. ब्रिटिश चाचण्यांतून हा दोष लक्षात आल्यानंतर कॅरियरच्या पृष्ठभागावर तिरप्या खाचा पाडण्यात आल्या. वाळूला सरकून बसण्यासाठी जागा मिळाल्याने घासणारे पृष्ठभाग मोकळे राहू लागले. या फेरबदलाने रायफलीच्या वजनात भर पडली नाही व सैनिकाला नवे काही शिकावेही लागले नाही.

याच संदर्भात वायुनियंत्रकाचे महत्त्व लक्षात घेतले पाहिजे. नळीतून येणाऱ्या वायूपैकी किती वायू दट्ट्यावर कार्य करील व किती बाहेर सोडला जाईल, हे त्याद्वारे ठरवता येते. स्वच्छ रायफलीला कमी वायू पुरतो व धक्काही सौम्य राहतो. काजळी किंवा धूळ साचल्यावर अधिक वायू देऊन ती चालू ठेवता येते. मात्र ही सोय समजून वापरणारा प्रशिक्षित सैनिक असेल तरच तिचा लाभ मिळतो. नियंत्रक सदैव पूर्ण दाबावर ठेवल्यास रायफल चालते, परंतु तिच्या भागांची झीज होते व नेमबाजाचा खांदा अकारण शिणतो.

सुधारणेच्या मर्यादाही येथेच दिसून येतात. इस्रायली सैन्याने आपल्या रायफलींत वाळूसाठीच्या खाचा केल्या होत्या. तरीही १९६७च्या युद्धात वाळूमुळे अडचणी जाणवल्या आणि पुढे त्या देशाने कलाश्निकोव्ह पद्धतीच्या यंत्रणेवर आधारलेल्या ‘गलील’ रायफलीची निवड केली. मूळ रचनेतील अंतरे ज्या तत्त्वावर ठरलेली असतात, त्यापलीकडे किरकोळ फेरबदल फार दूर नेऊ शकत नाहीत, असा याचा अर्थ आहे.

आर्द्र हवामानाचा प्रश्न निराळा होता. लाकडी दस्ता ओलाव्याने फुगतो व उन्हाने आकसतो. त्यामुळे ब्रिटिश रायफलींवरील लाकडी भागांची जागा पुढे काळ्या नायलॉनच्या भागांनी घेतली.

३) सैनिकाची शरीरयष्टी

खांदा व चाप यांतील अंतर सैनिकाच्या बाहूच्या लांबीशी जुळले नाही, तर डोळा छिद्रदर्शिकेसमोर योग्य जागी येत नाही आणि धक्काही नीट झेलता येत नाही. ‘एल-१-ए-१’साठी निरनिराळ्या लांबीचे दस्ते उपलब्ध करण्यात आले, ते याच कारणासाठी. ऑस्ट्रेलियाने ‘एफ-१’ हा आखूड प्रकार पापुआ न्यू गिनीतील सैनिकांच्या तुलनेने लहान शरीरयष्टीचा विचार करून तयार केला. त्यात दस्ता आणि नळीच्या टोकावरील ज्योतिरोधक हे दोन्ही आखूड केलेले होते. यंत्रणेला हात न लावता केलेला हा फेरबदल अल्पखर्चिक होता.

याउलट छत्रीधारी सैनिकांसाठी घडीचा दस्ता बसवणे वरवर सोपे वाटले तरी प्रत्यक्षात गुंतागुंतीचे ठरले. मूळ रचनेत कॅरियरला पुढे ढकलणारी स्प्रिंग दस्त्याच्या पोटात बसवलेली असते. दस्ता दुमडायचा असेल, तर स्प्रिंगला दुसरी जागा शोधावी लागते. म्हणून या प्रकारात ती वरच्या आवरणाखाली हलवण्यात आली आणि त्यासाठी कॅरियरचीही रचना बदलावी लागली. बाहेरून दिसणारा एक बदल आतील किती भागांना स्पर्श करतो, हे यावरून स्पष्ट होते.

४) नेम साधण्याची साधने

‘एल-१-ए-१’ची मागील छिद्रदर्शिका २०० ते ६०० यार्ड अंतरांसाठी लावता येत असे. पुढील माशी स्क्रूप्रमाणे फिरवून गोळीची उंची, तर मागील दर्शिका बाजूच्या स्क्रूंनी सरकवून डावी-उजवी दिशा जुळवली जाई. परंतु या रायफलीत एक मूलभूत अडचण आहे. माशी नळीच्या बाजूस, तर मागील दर्शिका चापाच्या यंत्रणेच्या खालच्या भागावर असते. हे दोन भाग बिजागरीने जोडलेले असल्याने त्यांत ढिलेपणा आला की नेमही बिघडतो.

१९७०च्या दशकात ब्रिटिश सैन्याने चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण या रायफलीवर बसवली. तिच्यातील दर्शकाला ट्रिटियमच्या किरणोत्सारातून प्रकाश मिळत असल्याने अंधुक उजेडातही नेम धरता येई. दर्शकाचे टोक वरून खाली येत असल्यामुळे लक्ष्य झाकले जात नसे. मात्र मूळचे वरचे आवरण पातळ पत्र्याचे व सरकते होते. त्यावर बसवलेली दुर्बीण स्थिर राहणे अशक्य होते. त्यामुळे दुर्बिणीसोबत घट्ट बसणारे मजबूत आवरणही द्यावे लागले. उत्तम भिंग सैल बैठकीवर बसवल्यास ते साध्या माशीपेक्षाही निरुपयोगी ठरते, आणि त्या चुकीची किंमत अखेर सैनिकालाच मोजावी लागते.

५) भारतीय अनुभव

१९६२च्या चीन युद्धात भारतीय सैनिकांच्या हाती प्रामुख्याने .३०३ ली-एनफिल्ड रायफली होत्या. या युद्धानंतर तातडीचा उपाय म्हणून ईशापूर येथे त्याच जुन्या रचनेची, परंतु ७.६२ मिलिमीटर काडतुसाची ‘२-ए’ रायफल तयार करण्यात आली. तिच्या मागील दर्शकावर २००० मीटरपर्यंतच्या खुणा होत्या. नंतरच्या ‘२-ए-१’ प्रकारात ही मर्यादा ८०० मीटरवर आणली गेली. प्रत्यक्षात जेवढ्या अंतरावर नेम धरला जातो तेवढ्याच खुणा ठेवण्याचा हा व्यवहार्य निर्णय होता.

त्याच दशकात पुण्याच्या आयुध संशोधन व विकास संस्थेने ‘१-ए-१’ ही अर्धस्वयंचलित रायफल विकसित केली. ती मुख्यत्वे ब्रिटिश ‘एल-१-ए-१’शी मिळतीजुळती होती. परंतु तिच्या लाकडी दस्त्याला ली-एनफिल्डची तळपट्टी बसवलेली होती. या पट्टीतील झडपेमागे तेलाची कुपी व नळी साफ करण्याची दोरी ठेवता येई. सैनिकाच्या अंगवळणी पडलेली सोय आणि कारखान्यात आधीच तयार होणारा भाग, या दोहोंचा मेळ येथे घातला गेला. सैन्यात ‘इन्सास’ आल्यानंतरही ‘एसएलआर’ राज्यांच्या पोलीस दलांत दीर्घकाळ वापरात राहिली.

५.५६ मिलिमीटरची ‘इन्सास’ हलकी होती, परंतु १९९९च्या कारगिल संघर्षात अतिथंड हवेत तिच्या प्लास्टिकच्या मॅगझिनला तडे जात असल्याच्या तक्रारी पुढे आल्या. फेब्रुवारी २०१९मध्ये भारताने ७२,४०० ‘सिग-७१६’ रायफलींचा करार केला, तेव्हा ७.६२ × ५१ मिलिमीटरचे काडतूस पायदळाच्या नव्या रायफलीसह परत आले. या रायफलीवर साधने बसवण्यासाठीची पट्टी मूळ रचनेतच अंतर्भूत आहे. ‘एफएएल’च्या पातळ आवरणावरील प्रश्न येथे आराखड्याच्या पातळीवरच सोडवला गेला आहे. तथापि पट्टीवर जागा आहे म्हणून प्रत्येक साधन बसवावे, असा त्याचा अर्थ होत नाही. उंच डोंगरावर चढणाऱ्या सैनिकाला प्रत्येक अतिरिक्त ग्रॅमचा हिशेब द्यावाच लागतो.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१. सुधारणेचा आरंभ उणिवेच्या अचूक निदानापासून व्हावा. वाळूसाठीच्या खाचा व आखूड दस्ता हे फेरबदल साधे असूनही परिणामकारक ठरले, कारण ते निश्चित अडचणींवर योजले होते.

२. रायफल ही परस्परावलंबी भागांची रचना आहे. घडीचा दस्ता किंवा दुर्बीण यांसारखी भर घालताना तिचा इतर भागांवरील परिणाम आधी तपासणे आवश्यक आहे.

३. एखादी क्षमता वगळणे हीदेखील सुधारणा असू शकते.

४. मूळ रचनेची मर्यादा कोठे येते, हे वेळीच ओळखून नव्या शस्त्राचा विचार करावा लागतो.

या सर्व उदाहरणांत फेरबदलाची प्रेरणा वापरकर्त्याच्या अनुभवातून आलेली आहे. म्हणून वाळवंट, जंगल व हिमप्रदेश या तिन्ही क्षेत्रांत वावरणाऱ्या भारतीय सैनिकाच्या तक्रारींची पद्धतशीर नोंद ठेवणे आणि ती आराखडा करणाऱ्या अभियंत्यापर्यंत पोहोचवणे, ही शस्त्रसुधारणेची पहिली पायरी मानली पाहिजे.