आत जाणारं पेट्रोल

जुनी मोटारसायकल रात्रभर उभी राहिली आणि सकाळी पेट्रोलचा वास आला, की आपण वाकून आधी फरशीवरचा डाग बघतो. पण थेंब जिथे पडतो तिथेच गळती असते असं नाही. पेट्रोल वर कुठेतरी सुटतं, नळीच्या कडेनं ओघळतं आणि सगळ्यात खालच्या टोकाला थेंब धरतं. बरंचसं वाटेतच उडून जातं. मागे राहतो तपकिरी, चिकट थर. त्याचा माग खालून वर काढायचा.

१९९४ साली आलेली हीरो होंडा स्प्लेंडर घ्या. पेट्रोल पोचवायला पंप नाही. टाकी वर, कार्बोरेटर खाली, एवढ्यावर काम चालतं. कार्बोरेटरच्या वाटीत पेट्रोल चढलं की फ्लोट वर येतो आणि निडल सीटवर टेकवून वाट बंद करतो. टाकीतली पातळी फूटभर उंच आणि सीटचं भोक २ मिलिमीटरचं धरलं, तर निडलवर पेट्रोलचा भार एक ग्रॅमसुद्धा भरत नाही. त्यामुळे हलका फ्लोटही तो सहज रोखतो. मात्र टाकीतल्या गंजाचा एक कण मध्ये अडकला किंवा निडलच्या टोकावर झिजून कंगोरा पडला, की गाडी ओव्हरफ्लो झालीच. त्यात २०२३पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं, टाकीत साचलेली घाण सोडवतं आणि जुन्या रबराला फुगवतं. नळ्या आणि रिंगा बदलताना इथेनॉलला टिकणारं रबर मागून घ्यावं.

तपासणी मोकळ्या हवेत, इंजिन थंड असताना करावी. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत साचते. आसपास ठिणगी नको. सगळं कोरडं पुसा आणि टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद ठेवून थांबा. तरीही कॉकपाशी ओल आली तर दोष कॉकमध्ये किंवा टाकीच्या जोडातल्या वॉशरमध्ये. कॉक उघडल्यावर वाटीचा जोड ओलावला तर गॅस्केट गेलं. ओव्हरफ्लोच्या नळीतून थेंब आले तर निडल, सीट नाहीतर फ्लोट. पोकळ फ्लोट कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर तो फुटलाय.

ओव्हरफ्लोची नळी बोळा कोंबून बंद करू नका. वाटीत जास्त झालेलं पेट्रोल बाहेर काढायला ती ठेवलेली असते. तिची वाट अडली तर तेच पेट्रोल इनटेकमधून सिलिंडरमध्ये उतरतं आणि पिस्टनच्या रिंगांच्या फटीतून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. फरशी कोरडी, मालक निश्चिंत आणि ऑइल पातळ! मला खरी भीती या न दिसणाऱ्या गळतीची वाटते.

म्हणून डिपस्टिक काढून बघाच. पातळी वरच्या खुणेच्याही वर, ऑइल पाण्यासारखं आणि पेट्रोलचा वास असेल, तर इंजिन चालू करू नये. अशा ऑइलचा थर कॅम आणि बेअरिंगांवर टिकत नाही, धातूवर धातू घासतो. किक अडकली तर जोर लावू नका. सिलिंडरमध्ये साचलेलं पेट्रोल दबत नाही, कनेक्टिंग रॉड वाकू शकतो. इग्निशन बंद करून स्पार्क प्लग काढा आणि हळूहळू किक मारून ते बाहेर येऊ द्या. निडल बदलल्यावर ऑइलही त्याच दिवशी बदला, गाडी सुरू करायच्या आधी.