जंगलातील मुक्काम आणि तंबूचे कापड

पवना धरणाच्या काठी आणि राजमाचीच्या झाडीत तंबूतल्या मुक्कामाचा धंदा गेल्या काही वर्षांत चांगलाच वाढला आहे. चिखली, तळवडे, भोसरीकडील कामगार मंडळी बालबच्च्यांसह शनिवारी निघतात आणि रविवारी परततात. जागेचे भाडे गावकरी घेतात, जेवणाचे पैसे खानावळवाला घेतो. पण तंबू शिवणे, दुरुस्त करणे आणि भाड्याने देणे हे काम आपल्या कापड व्यापाऱ्यांचे आणि शिलाई कारागिरांचे आहे. त्यासाठी मालाची पारख हवी.

जुना खेमा सुती कॅनव्हासचा असे. सुती धागा भिजला की फुगतो, विणीतील छिद्रे बुजतात आणि पाणी बाहेर राहते. तरीही कापड श्वास घेते. दोष एकच, वजन फार. आजचे घुमटाकार तंबू पॉलिस्टरचे असतात. त्यांच्या चिठ्ठीवर ‘१९०टी’ लिहिलेले असते, म्हणजे एक चौरस इंचातील उभे व आडवे मिळून १९० धागे. डेनियर म्हणजे ९००० मीटर सुताचे ग्रॅममधील वजन. आकडा मोठा तितके सूत जाड. परंतु गिऱ्हाईक ज्याला भुलते तो आकडा मिलिमीटरचा. कापडावर किती उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो, ते तो सांगतो. १५०० चालतो, पण सह्याद्रीच्या पावसात ३००० च्या खाली घेऊ नये.

आणि एवढे करूनही तंबू गळतो, तो शिवणीतून! सुईचे प्रत्येक छिद्र म्हणजे पाण्याला वाट. म्हणून शिवण दुहेरी दुमडून घालावी, दोरा पॉलिस्टरचा वापरावा आणि आतून पट्टी चिकटवावी. खाली अंथरलेली ताडपत्री तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नये, नाहीतर छताचे पाणी तिच्यावर साचून आत शिरते. पहाटे छत आतून ओले दिसले की गिऱ्हाईक भांडायला येते. पुष्कळदा ती गळती नसून माणसांच्या श्वासाची वाफ असते. वरच्या बाजूला जाळीची खिडकी ठेवावी.

जुन्या फ्लेक्सचे तंबू करून स्वस्तात देणारेही आहेत. त्यातून हवा खेळत नाही आणि आग लागली तर विषारी धूर होतो. असा माल कुटुंबांना देणे माझ्या मते व्यापार नव्हे.

थंडीत काही लोक शेगडी तंबूत घेऊन झोपतात. धुमसत्या कोळशाच्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपलेल्याला कळतही नाही. नेपाळमधील दामन येथे जानेवारी २०२० मध्ये केरळचे ८ पर्यटक, त्यात लहान मुलेही, बंद खोलीतील गॅस हीटरमुळे मरण पावले. तंबू भाड्याने देणाऱ्याने शेगडी आत न नेण्याची ताकीद तोंडी द्यावीच, शिवाय दारावर छापावी.

मोठ्या जमावाबरोबर बायका असतील तर कनातीची मागणी हमखास येते. न्हाणी, वजू आणि कपडे बदलण्यासाठी आडोसा लागतो, आणि पॉलिस्टर तंबूवाल्यांकडे तो नसतो. मंडपवाल्यांकडील पडून असलेल्या कनाती इथे खपतील.

जागेबाबत एक सावधगिरी. राखीव जंगलात विनापरवाना शिरणे व विस्तव पेटवणे १९२७ च्या वन कायद्याने गुन्हा आहे. भीमाशंकर तर १९८५ पासून अभयारण्य आहे, तिथे वनखात्याची परवानगी हवीच. त्यापेक्षा गावकऱ्याच्या खाजगी रानात, ओढ्याच्या पात्रापासून आणि वाळलेल्या फांद्यांपासून दूर तंबू ठोकावा.

परतल्यावर तंबू ओला गुंडाळून ठेवू नये. सुती कापडाला बुरशी लागते, पॉलिस्टरचा लेप चिकट होऊन सुटतो. दुसऱ्याच दिवशी सावलीत पसरून वाळवावा. कडक उन्हात महिनोन्महिने उभा राहिलेला तंबू विरतो, म्हणून हंगामभर काठावर उभे असलेले तंबू जुन्या भावात घेतानाही हाताने ताणून पाहावे.