भोर-वेल्ह्यातली पुडी सुटावी कशी?

आषाढात पुणे जिल्ह्यातल्या भोर आणि वेल्ह्याच्या खाचरांत भाताची लावणी सुरू होते. गुडघाभर चिखल, पाठीवर इरलं किंवा प्लास्टिकचा कागद, आणि दिवसभर वाकलेली कंबर. या कामात मधेच ताठ उभं राहायला सर्वांना मान्य असलेली सबब एकच, तंबाखू मळायची. बांधावर दोघं-तिघं जमतात, पुडी एकाची, चुन्याची डबी दुसऱ्याची. ‘पाव्हणं, जरा चुना द्या’ म्हणायला ओळख लागत नाही आणि घटकाभर कोणी ‘हात चालव’ म्हणत नाही. तंबाखू सोडणारा गडी नुसतं निकोटिन सोडत नाही, ही विश्रांती आणि ही संगतही सोडतो. म्हणून त्याला नुसतं भय घालून भागत नाही. पुडीच्या ८५ टक्के भागावर कॅन्सरचं चित्र २०१६ पासून आहेच, आणि ते पाहतपाहतच तंबाखूचा बार भरला जातो.

महाराष्ट्राचं दुखणं विडी-सिगारेटपेक्षा तोंडातल्या तंबाखूचं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत राज्यातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करणारे निघाले, तर बिनधुराची तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, पण साधी मळायची तंबाखू तिच्यात नाही.

चुन्याचं काम नीट समजून घ्यायला हवं. तो नुसता चवीला नसतो. चुन्याच्या क्षारामुळे तंबाखूतलं निकोटिन मोकळं होतं आणि गालाच्या आतल्या नाजूक त्वचेतून झपाट्याने रक्तात उतरतं. तलफ भागते ती त्यामुळे. रोज त्याच जागी बार ठेवला की चुना तिथली कातडी भाजत राहतो आणि तंबाखूतले कॅन्सरकारक नायट्रोसामाइन त्याच भाजलेल्या जागेला भिडतात.

बायकांची गोष्ट वेगळी, आणि माझ्या मते जास्त दुर्लक्षित. तव्यावर काळी होईस्तोवर भाजून कुटलेली तंबाखू, म्हणजे मिश्री, सकाळी दातांना लावली जाते. मग दुपारी, मग कामाच्या मधे, मग झोपताना. लावणारीला हे व्यसन वाटतच नाही, ती ‘दात घासते’. पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत घरोघर जाऊन १,०१,७६१ जणांची तोंडं तपासणारी पाहणी १९७२ मध्ये प्रसिद्ध झाली, म्हणजे तंबाखूचं नुकसान विज्ञानाला इथल्याच माणसांनी पन्नास वर्षांपूर्वी दाखवून दिलं. मुंबईतल्या गरोदर बायकांवरच्या, २००४ मध्ये छापलेल्या अभ्यासात तर बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी १०५ ग्रॅमने कमी भरलं. गरोदरपणाची नोंद करताना आशाताईंनी ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर उत्तर ‘नाही’ येईल. ‘मिश्री लावता का?’ असंच विचारायला हवं.

जवळचंच उदाहरण म्हणजे ज्येष्ठ नेते शरद पवार. त्यांच्यावर २००४ मध्ये तोंडाच्या कॅन्सरची शस्त्रक्रिया झाली. भोर-वेल्हे ज्या बारामती लोकसभा मतदारसंघात येतात, तिथूनच ते वर्षानुवर्षं निवडून आले. तंबाखू-सुपारीच्या सवयीचा पश्चात्ताप त्यांनी जाहीरपणे सांगितला आहे. गावच्या पारावर एखाद्या पोस्टरपेक्षा ही गोष्ट जास्त ऐकली जाईल, असं मला वाटतं.

आता सोडण्याचं. पहिले दोन-तीन दिवस सगळ्यांत वाईट. चिडचिड होते, डोकं दुखतं, झोप उडते. पुढे दोन ते चार आठवड्यांत शरीर शांत होतं. तलफेची लाट मात्र काही मिनिटांचीच असते. तेवढा वेळ पाणी पिणं, बडीशेप चघळणं किंवा जागा सोडून चालू लागणं, एवढं जमलं तरी ती ओसरते. सुपारी मात्र तोंडात टाकू नये. ती स्वतःच कॅन्सरकारक आहे आणि तोंड उघडेनासं करते.

‘तंबाखूशिवाय परसाकडला होत नाही’ हे वाक्य गावोगाव ऐकू येतं. ते हसण्यावारी नेऊ नये. निकोटिन आतड्यांना चालना देतं, त्यामुळे सोडल्यावर बद्धकोष्ठ होतो हे खरंच आहे. पण तो काही आठवड्यांत सुटतो. सकाळी कोमट पाणी, जेवणात पालेभाजी, भाकरी, कडधान्यं ठेवावीत. हे आधीच सांगितलं नाही, तर तंबाखू सोडलेला माणूस चौथ्या दिवशी या एका कारणाने पुन्हा पुडी फोडतो. मिश्रीवालीने मिश्रीच्या वेळेला पेस्ट आणि ब्रश हाती घ्यावा; दात घासायची वेळ तीच राहते, तंबाखू तेवढी जाते.

निकोटिनचा च्युइंगम औषधाच्या दुकानात मिळतो. तो सतत चघळायचा नाही. तिखट चव आली की गालात दाबून ठेवायचा, चव गेली की पुन्हा थोडा चघळायचा. गरोदर बाई आणि हृदयविकाराचा रुग्ण यांनी मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तो घेऊ नये. १८००-११-२३५६ ही मोफत मदतवाहिनी आहे. तोरण्याच्या पायथ्याच्या खोऱ्यात रेंज कुठे येते, हे गावकऱ्यांना ठाऊकच असतं. तिथे जाऊन फोन लावावा.

तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण, किंवा तीन बोटं उभी आत जाणार नाहीत इतकं आखडलेलं तोंड, यांपैकी काही दिसलं तर भोरचं उपजिल्हा रुग्णालय किंवा वेल्ह्याचं ग्रामीण रुग्णालय गाठावं. दुखत नाही म्हणून थांबू नये, सुरुवातीला दुखतच नाही. आणि सोडून फायदा होतो का, तर होतो. एर्नाकुळम, भावनगर आणि श्रीकाकुलम जिल्ह्यांत सुमारे ३६ हजार जणांपर्यंत समुपदेशन घेऊन जाणारा दहा वर्षांचा प्रयोग झाला होता. ज्यांनी तंबाखू सोडली किंवा कमी केली, त्यांच्या तोंडात नवे पांढरे चट्टे उमटण्याचं प्रमाण घटलं. ती माणसंही खेड्यापाड्यांतलीच होती.