शरीरातील शेगडी आणि तिचे पहारेकरी

शरीरातील सगळी चरबी एकाच कामाची नसते. पोटावर, मांड्यांवर साठणारी पांढरी चरबी ही ऊर्जेची कोठी. मान आणि गळपट्टीच्या हाडांजवळ आढळणारी तपकिरी चरबी ही शरीराची शेगडी. तिच्या पेशी तंतुकणिकांनी गच्च भरलेल्या असतात. या तंतुकणिकांतील यूसीपी-१ या प्रथिनामुळे अन्नातील ऊर्जा थेट उष्णतेच्या रूपाने बाहेर पडते. कुडकुडून ऊब निर्माण करू न शकणारे नवजात बालक याच शेगडीवर विसंबून असते. प्रौढांतही ती कार्यरत असते, हे २००९ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मधील शोधनिबंधांनी दाखवून दिले.

ही शेगडी पेटवते कोण? थंडी जाणवताच मेंदूचा निरोप आणणाऱ्या चेतातंतूंच्या टोकांतून नॉरॲड्रेनॅलिन स्रवते आणि चरबी जळू लागते. या तंतूंच्या शेजारीच मॅक्रोफेज, म्हणजे एरवी जंतू गिळणाऱ्या प्रतिकारसंस्थेच्या पेशी, ठाण मांडून असतात. त्या स्वतःच नॉरॲड्रेनॅलिन तयार करतात, असे २०११ मध्ये ‘नेचर’मधील एका शोधनिबंधाने मांडले. २०१७ मध्ये इतर संशोधकांनी पडताळणी केली, तेव्हा ते टिकले नाही. उलट त्याच वर्षी उंदरांत आढळले, की चेतातंतूंना बिलगलेल्या काही मॅक्रोफेज पेशी नॉरॲड्रेनॅलिन शोषून त्याचे विघटन करतात. लठ्ठ उंदरांत अशा पेशी वाढलेल्या होत्या. त्यांची ही शोषणक्षमता काढून घेताच शेगडी अधिक पेटली आणि वजन घटले.

प्रतिकारसंस्था नेहमी शेगडी विझवतेच असे नाही. तिच्याच ‘आयएलसी-२’ पेशी पांढऱ्या चरबीत उष्णता देणाऱ्या ‘बेज’ पेशी वाढवतात, हे २०१५ मध्ये उंदरांत दिसले. मात्र लठ्ठपणात चरबीत सौम्य दाह घर करतो. त्यातील टीएनएफ-अल्फा हा संदेशवाहक रेणू इन्सुलिनच्या कार्यात अडथळा आणतो, हे १९९३ पासून ज्ञात आहे.

गोव्यासाठी हा विषय दूरचा नाही. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आयसीएमआर-इंडियाब पाहणीत मधुमेहाचे देशातील सर्वाधिक प्रमाण, २६.४ टक्के, गोव्यात नोंदले गेले. तथापि उंदरांवरील निष्कर्ष माणसांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. शिवाय प्रतिकारसंस्थेचे संदेश सरसकट रोखल्यास जंतुसंसर्गाला दार उघडते. त्यामुळे ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्यांच्या जाहिरातींना भुलण्यापेक्षा बेताचा आहार आणि नियमित व्यायाम हाच आजही भरवशाचा मार्ग आहे.