रात्रीच्या लेपात आधी पाणी, मग तेल

दिवाळी सरली की डहाणूत वारा फिरतो. दिवसा समुद्रावरून येणारी दमट हवा रात्री मागे पडते आणि पूर्वेच्या डोंगरपट्ट्याकडून, तलासरीच्या अंगाने, कोरडा वारा किनाऱ्याकडे वाहू लागतो. कोळीवाड्यातल्या वलांड्यांना, म्हणजे मासळी वाळवायच्या बांबूच्या मांडणीला, हा वारा हवाच असतो. बोंबलाच्या अंगात बहुतांश पाणीच. जबड्यात जबडा अडकवून जोडीजोडीने बांबूवर टांगलेले बोंबील ऊन-वाऱ्यावर थोड्याच दिवसांत खडखडीत वाळतात. तोच वारा माणसाच्या गालांवरूनही जातो. ओठ फुटतात, तोंड धुतलं की गाल ओढल्यासारखे होतात, आणि घरोघरी लेपांचा हंगाम सुरू होतो: चिकूचा गर, केळं, मध, साय, बेसन, वर लिंबू पिळून, रात्रभर ठेवायचं आणि सकाळी धुवायचं. रात्रभराचा लेप घरी करता येतो आणि अगदी स्वस्तात करता येतो. पण त्यात फळाचं काही काम नाही. त्वचेला लागतं पाणी, आणि ते उडून जाऊ नये म्हणून त्यावर तेलाचा पातळ थर. हा क्रम चुकला की लेप वाया गेला.

या म्हणण्याला आधार आहे तो सत्तर वर्षांहून जुन्या एका साध्या प्रयोगाचा. आयर्विन ब्लँक या अमेरिकी संशोधकाने तळपायाच्या घट्ट्याचे तुकडे घेतले, ते पूर्ण वाळवले आणि वेगवेगळ्या द्रवांत ठेवले. तेलात बुडवलेला तुकडा तेलाने चिंब झाला तरी कडकच राहिला, वाकवला की मोडला. पाण्यात ठेवलेला तुकडा मात्र लवचिक झाला. १९५२ साली प्रसिद्ध झालेल्या या कामाने एक गोष्ट पक्की केली: कातडी मऊ होते ती पाण्याने. मग आपण तेल लावतो ते कशाला? त्वचेचा सर्वांत वरचा मृत पेशींचा थर चेहऱ्यावर कागदापेक्षाही पातळ असतो. त्या पेशींच्या मधल्या फटी सेरामाइड, कोलेस्टेरॉल आणि मेदाम्लं यांनी भरलेल्या असतात, आणि हीच भरणी शरीरातलं पाणी आत अडवून धरते. गरम पाण्याची अंघोळ, कपड्यांच्या साबणाने धुतलेलं तोंड, खारं पाणी, वय यांनी ती भरणी झिजते. बाहेरून लावलेलं तेल तिची जागा तात्पुरती घेतं. म्हणजे तेल पाणी देत नाही, असलेलं पाणी राखतं. कोरड्या ठक्क चेहऱ्यावर तेल चोपडून झोपणाऱ्याला सकाळी चेहरा चकचकीत दिसतो, पण हसताना ओढ लागतेच, त्याचं कारण हे.

रात्रच का, यालाही उत्तर आहे. गिल योसिपोविच आणि सहकाऱ्यांनी १९९८ साली चोवीस तास मोजमापं घेऊन दाखवलं की त्वचेतून पाणी निसटण्याचा वेग दिवसभर सारखा नसतो. सकाळच्या मानाने संध्याकाळी आणि रात्री तो जास्त असतो. शिवाय रात्री ऊन नसतं, घाम कमी, तोंड पुन्हा पुन्हा धुतलं जात नाही. लावलेला थर सहा-सात तास जागेवर राहतो. एवढाच ‘ओव्हरनाइट’ या शब्दाचा चमत्कार.

आता चिकूकडे वळू, कारण डहाणूत त्याला वगळून चेहऱ्याची गोष्ट कोणी ऐकणार नाही. घोलवडच्या चिकूला भौगोलिक मानांकन आहे, बोर्डीत त्याचा महोत्सव भरतो, आणि गर लावल्यावर गाल मऊ लागतात हा अनुभवही खोटा नाही. गरात भरपूर पाणी आणि साखर असते. साखर पाणी धरते, म्हणून दहा-पंधरा मिनिटं त्वचा फुगते. पण तोच ओला गोड गर उबदार चेहऱ्यावर रात्रभर ठेवला तर त्यावर जंतू आणि यीस्ट वाढायला अनुकूल जागा तयार होते. गर वाळताना आकसतो आणि ओढ उलट वाढते. फळ जरा कच्चं असेल तर त्यात चीक आणि टॅनिन असतं. नाजूक कातडीवर ते चुरचुरू शकतं. (याच झाडाच्या चिकापासून मध्य अमेरिकेत च्युइंगगम बनत असे, चेहऱ्यावर रात्रभर राहावं असं ते द्रव्य नव्हे.) लिंबाचं तर नावच नको: आम्ल त्वचा जाळतं, आणि सकाळी त्याचा अंश राहून ऊन लागलं तर काळे डाग पडतात.

गंमत अशी, की चिकूच्याच कुळात कामाची वस्तू आहे, पण ती वाडीत नाही, रानात आहे. चिकू, मोह आणि आफ्रिकेतलं शिया ही तिन्ही झाडं एकाच कुळातली, सॅपोटेसी. शियाच्या बियांचं लोणी शहरातल्या दुकानांत महागड्या डब्यांतून विकलं जातं. मोहाच्या बियांचं तेल आदिवासी पाड्यांत खाण्याला, दिव्याला आणि अंगाला लावायला पिढ्यान्‌पिढ्या वापरलं गेलं, आणि थंडीत तेही लोण्यासारखं थिजतं, कारण त्यात घट्ट होणारी स्टिअरिक आणि पामिटिक आम्लं बरीच असतात. फुटलेल्या टाचा, कोपरं, नांगर धरणारे हात यांना ते उत्तम. चेहऱ्यासाठी मात्र हात आखडता घ्यावा, कारण मोहाच्या तेलात सर्वांत मोठा वाटा ओलेइक आम्लाचा, आणि हे आम्ल त्वचेच्या त्या भरणीत ढवळाढवळ करतं. इंग्लंडमध्ये २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ओलेइकबहुल ऑलिव्ह तेल काही आठवडे हाताला लावल्यावर त्वचेची ही अडवणारी भरणी कमजोर झाली. लिनोलिक आम्ल जास्त असलेल्या सूर्यफूल तेलाने ती टिकली. आपल्याकडे लिनोलिकचा खजिना म्हणजे करडईचं तेल. पारंपरिक वाणांच्या तेलात ते सुमारे ७० ते ७५ टक्के असतं. खोबरेल तेलाच्या बाजूनेही पुरावा आहे: २००४ साली फिलिपाइन्समध्ये कोरड्या त्वचेच्या ३४ रुग्णांवर केलेल्या तुलनेत ते खनिज तेलाइतकंच गुणकारी ठरलं. फक्त मुरुमं येणाऱ्या चेहऱ्यावर ते नको.

यावर आक्षेप येतील. पहिला परंपरेचा: आजीचं उटणं काय चुकीचं होतं? मुळीच नाही. पण उटणं कोणी लावून झोपत नसे. दिवाळीच्या अभ्यंगात आधी तेल, मग उटणं, मग लगेच स्नान. रात्रभर पीठ थापून ठेवण्याची टूम परंपरेच्या नावावर खपवलेली आहे. दुसरा आक्षेप असा की तेलाने, विशेषतः पेट्रोलियम जेलीने, कातडीचा श्वास कोंडतो. त्वचा श्वास घेत नाही. ते फुप्फुसांचं काम. १९९२ सालच्या एका अभ्यासात तर जेली वरच्या थराच्या फटींत मुरते आणि तिच्याखाली दुरुस्तीचं काम चालूच राहतं, असं दिसलं. पाणी अडवण्यात ती वनस्पती तेलांपेक्षा सरस आहे. ती कच्च्या खनिज तेलातून येते म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. औषधी दर्जाची जेली शुद्ध केलेली असते. मग बाजारचा ‘स्लीपिंग मास्क’ वाईट का? वाईट नव्हे. त्याच्या डब्यामागची यादी वाचली तर बहुधा पाणी, ग्लिसरीन आणि वर थर धरणारा एखादा पदार्थ हीच त्रयी सापडते. बाकीचे पैसे वासाला, डब्याला आणि टिकवण्याच्या द्रव्यांना. दुकानात महिनोन्‌महिने ठेवायचं तर शेवटचा खर्च रास्त आहे. घरी रोज ताजं करणाऱ्याला तो लागत नाही.

कृती अशी. कोमट पाण्याने, शक्यतो साबणाशिवाय, तोंड धुवा. टॉवेलने खसाखसा पुसू नका, नुसतं टिपा. अर्धा चमचा औषधी ग्लिसरीन पाच चमचे उकळून गार केलेल्या पाण्यात मिसळा आणि ओलसर चेहऱ्यावर लावा. निव्वळ ग्लिसरीन कोरड्या हवेत उलट त्वचेतूनच पाणी ओढू शकतं, म्हणून पाणी घालणं टाळू नका. ते ओलं असतानाच तीन-चार थेंब करडईचं तेल किंवा हरभऱ्याच्या दाण्याएवढी पेट्रोलियम जेली तळव्यावर पसरून हलक्या हाताने दाबा. उरलेलं मिश्रण सकाळी टाकून द्या, बाटलीत साठवू नका. पहिल्यांदा कोपराच्या आतल्या बाजूला लावून दोन दिवस वाट पाहा.

आणि एक गोष्ट या लेपाच्या कक्षेबाहेरची. सगळा चेहरा कोरडा असेल तर वरची कृती पुरते. पण एखादाच फिकट किंवा लालसर चट्टा कोरडा पडला असेल, तिथे घाम येत नसेल, स्पर्श कळत नसेल, तर त्यावर तेल, मोह, चिकू काहीही लावत बसू नका. तो कुष्ठरोग असू शकतो. पालघर जिल्ह्यात हा आजार अजून आहे, वेळेत ओळखला तर पूर्ण बरा होतो, आणि त्याची तपासणी व गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.